या विभागापुरती शाई

मिरजेत कुणाचं परदेशी जायचं ठरलं की त्याच्या बॅगेतली निम्मी जागा त्याची राहत नाही. तिकीट काढल्याची बातमी गल्लीत पसरायला वेळ लागत नाही, आणि मग एकेक जण येऊन टेकतो. "फार काही नाही हो, एवढंसंच आहे," असं म्हणत पिशवीतून शेंगाचटणीचा डबा निघतो, लोणच्याची बरणी निघते, भाचीच्या बाळासाठी आंगडं-टोपडं निघतं. नाही म्हणायची सोय नसते. आज आपण नाही म्हटलं तर उद्या आपल्या लेकीचा डबा कोण नेणार?

तेजस्विनी मगदूमच्या डब्यात मात्र चटणीखाली शाई असायची.

गांधी चौकातून दवाखान्यांच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला तिचं औषधांचं दुकान. वडिलांच्या वेळची पाकिटांनी गच्च भरलेली कपाटं आता गेली होती आणि त्यांच्या जागी छपाईयंत्रं आली होती. डॉक्टरांची चिठ्ठी आली की यंत्र त्या माणसापुरतं औषध छापून देई. खाण्याच्या कागदाची बोटभर पट्टी, तिच्यावर औषधी शाईचे ठिपके, ज्याचं जसं वय आणि वजन तसे कमी-जास्त. पाण्याबरोबर गिळली की झालं. लोकांनी औषधाला औषध म्हणणंच सोडून दिलं होतं. "शाई घेतलीत का?" असंच बायका आता नवऱ्यांना विचारत.

यंत्र दुकानासाठी घ्या की घरासाठी, कुठल्याही देशात किंमत सारखीच. कंपनीची खरी कमाई शाईत. ओर्लिन कंपनीने जगाचे विभाग पाडले होते आणि ज्या विभागाला जेवढा झेपेल तेवढा भाव लावला होता. मिरजेत जी नळी एका बऱ्यापैकी चपलेच्या किमतीत मिळे, तीच रॉटरडॅममध्ये घ्यायची तर महिन्याच्या घरभाड्यावर पाणी सोडावं लागे. एका विभागातली नळी दुसऱ्या विभागातल्या यंत्रात चालू नये म्हणून तिच्या बुडाशी चिप बसवलेली असायची. ती चिप बधिर करण्याची कला मिरजेत दोघा-तिघांना अवगत होती, आणि तेजूचा हात त्यात सगळ्यांत साफ होता. आधी तिने ते फक्त बहिणीसाठी केलं. मग ओळखीचे लोक येऊ लागले. कुणाचा मुलगा मेलबर्नला, कुणाची सून टोरांटोला. ती वर एक पैसा घेत नसे. नियम मोडतोय हे तिला कळत होतं, पण त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. एकच शाई इथे स्वस्त आणि तिथे महाग, मग चोर कोण, असं ती विचारायची.

धाकटी कावेरी रॉटरडॅमला समुद्र अडवणाऱ्या बांधांच्या कामावर इंजिनिअर होती. कॉलेज संपता संपता तिच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा तेजूने आपली एक दिली. ऑपरेशन मिरजेतच झालं. पण किडनी सख्ख्या बहिणीची असली तरी शरीराला ती परकीच. आतले पहारेकरी तिच्यावर तुटून पडू नयेत म्हणून त्यांना जन्मभर थोडं गुंगीत ठेवावं लागतं. औषध कमी पडलं तर पहारेकरी जागे होतात आणि किडनी जाते. जास्त झालं तर ते औषधच किडनीला जाळतं. या दोहोंच्या मधली वाट अगदी अरुंद, आणि कावेरी तिच्यावरून वर्षानुवर्षं चालत आली होती. तिकडच्या विम्यात "आधीपासूनचा आजार" बसत नव्हता. म्हणून चटणीखाली शाई.

त्या दिवशी तेजू नळ्यांवर चटणी दाबून बसवत होती आणि इम्तियाज मुल्ला दारात उभा राहिला. हा ओर्लिनचा या भागातला प्रतिनिधी. सांगली, मिरज, जयसिंगपूर अशी त्याची फेरी असे. तेजूचे हात कोपरापर्यंत लाल. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"चालू द्या, मी काय बघितलं नाही," इम्तियाज म्हणाला. मग डब्यात डोकावून त्याचा चेहरा उतरला. "ताई, ह्या नळ्या नव्या मालातल्या की जुन्या?"

"नव्या. का रे?"

"मग चटणी तेवढी पाठवा."

तेजू हसली. तो हसला नाही. स्टूल ओढून बसला, रस्त्याकडे एक नजर टाकली.

"सगळं जग चिपा बधिर करालंय आणि कंपनी गप्प का बसलीय, कधी विचार केलाय?"

"कंटाळली असेल."

"कंपन्या कंटाळत नसतात ओ. त्यांनी कुलूपच हलवलंय. नळीवरनं काढलं आणि माणसाच्या पोटात बसवलंय."

इम्तियाजने जे सांगितलं ते तेजूला समजायला वेळ लागला नाही, पटायला लागला. नव्या शाईत, मग ती कुठल्याही दुखण्यावरची असो, औषधाच्या रेणूला साखरेचं एक शेपूट जोडलेलं होतं. ते शेपूट आहे तोवर औषध निद्रिस्त, कागदाइतकंच निरुपद्रवी. शेपूट तोडायला एक ठरावीक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं, आणि ते विकर माणसाचं शरीर करत नाही. मोठ्या आतड्यात राहणारा एक जिवाणू करतो. हा जिवाणू ज्वारी-डाळींवर पोसतो, म्हणून आपल्याकडे तो जवळपास प्रत्येकाच्या पोटात असतो. कंपनीने देशोदेशींच्या लोकांच्या पोटांतल्या जिवाणूंची पाहणी केली होती आणि प्रत्येक विभागासाठी तिथल्या जिवाणूलाच तोडता येईल असं शेपूट निवडलं होतं. मिरजेची शाई मिरजकराच्या पोटात उघडते. वर्षानुवर्षं पाव-बटाटे खाल्लेल्या पोटात जिवाणूच विरळ होतो आणि शाई आली तशी निघून जाते. तोच माणूस इथे येऊन काही आठवडे घरचं जेवला की जिवाणू पुन्हा वाढतो आणि कुलूप पुन्हा उघडतं.

"आणि हे कुणाला सांगायचं नाही?" तेजूचा आवाज चढला.

"लिहिलंय की. खोक्याच्या बाजूला. 'स्थानिक शोषणासाठी सुधारित.' गुन्हा कुठाय त्यात? इथल्या माणसाला इथं लागू पडतंय. कडक अँटिबायोटिक्स घेऊन इथल्या कुणाचा जिवाणू मेला असला तर त्याला आम्ही त्या 'सोबती' कॅप्सूल फुकट देतो, तुमच्याच खणात पडल्यात बघा. जिवाणू परत रुजतो, शाई चालू." तो उठला. "तुमची बहीण आहे म्हणून बोललो. माझं नाव कुठं येऊ देऊ नका. दोन पोरं आहेत मला."

तो गेला आणि तेजूने हात न धुताच फोन लावला. कावेरी पडद्यावर आली ती डोक्यावर हेल्मेट, मागे करडा समुद्र.

"काय गं, कशी आहेस?"

"मस्त! तू चटणीत बुडालीस की काय?"

"रिपोर्ट कसा आला?"

"चांगला. डॉक्टर म्हणाल्या, असंच चालू दे."

"शाई घेतेस ना वेळेवर?"

"घेते गं बाई. आणि हो, या वेळी एखादी नळी जास्त टाक. माझं यंत्र हल्ली गळतं, निम्मी शाई वाया जाते."

तेजूने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. रिपोर्ट चांगला आहे, म्हणजे जिवाणू अजून थोडाफार तग धरून असेल. पण किती दिवस? आता तिला सांगायला हवं. आणि सांगितलं की काय होईल, हेही तेजूला स्पष्ट दिसत होतं. कावेरी रात्र रात्र जागेल. तिकडची शाई तिला झेपणार नाही, मग ती पट्ट्या अर्ध्या करून पुरवेल. नाहीतर नोकरी सोडून परत येईल आणि जन्मभर त्या समुद्राची आठवण काढत बसेल. आपल्या घरांत परगावच्या माणसाला फोनवर वाईट बातमी द्यायची नसते. आजोबा गेले तेव्हा कावेरीची परीक्षा संपेपर्यंत कळवलं नव्हतं. वडिलांच्या अँजिओप्लास्टीची बातमी ते घरी चालत आल्यावर सांगितली होती. त्यात खोटं बोलल्यासारखं कुणालाच वाटत नाही, ती मायाच असते.

तेजूने खण उघडला. सोबतीचा डबा तिथेच होता.

कुलूप पोटात आहे ना, मग किल्लीही पोटातच पाठवू. तिला ते इतकं सोपं आणि इतकं चोख वाटलं की त्या क्षणी तिला स्वतःचा अभिमान वाटला, हे सांगायलाच हवं. तिने कॅप्सूल साध्या डबीत भरल्या, कंपनीची चिठ्ठी फाडून टाकली आणि वर आपल्या हाताने लिहिलं, "पोटासाठी आहेत. जेवणानंतर घे. ताई." डबी चटणीच्या डब्याशेजारी गेली. नेणारा घोरपड्यांचा पुतण्या "वजन होतंय हो" म्हणत कुरकुरला आणि घेऊन गेला.

पुढच्या फोनवर कावेरी म्हणाली, "तुझ्या त्या गोळ्या भारी आहेत. पोट एकदम हलकं झालंय." तेजूचा जीव भांड्यात पडला.

मग एका रविवारी दोघी बोलत होत्या. कावेरी कॉफी पीत होती. म्हणजे कप तोंडापर्यंत न्यायचा आणि परत ठेवायचा, असं चाललं होतं. ठेवताना कप बशीवर वाजला. मग पुन्हा वाजला. कावेरीने हात टेबलाखाली घेतला.

"हात बघू," तेजू म्हणाली.

"काय?"

"हात वर कर. दोन्ही."

"ताई, इथे थंडी आहे. घरातला हीटर बिघडलाय."

"कावी, किती पट्ट्या घेतेस?"

"एक. चिठ्ठीवर आहे तशी. काय झालंय तुला?"

हात थरथरणं हे या औषधाचं पहिलं लक्षण, पण औषध जास्त झाल्याचं. तेजूने मनात हिशेब मांडून पाहिला. जिवाणू पूर्ण रुजला असला तरी एका पट्टीतून एका पट्टीइतकंच औषध सुटणार. जास्त होणार कुठून? थंडीच असेल. तिने स्वतःची समजूत घातली, पण ती काही टिकली नाही. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या ती दोनदा वाचू लागली.

बुधवारी दुपारी दुकानात गर्दी असताना परदेशी नंबरावरून फोन आला. बाई इंग्रजीत बोलत होत्या, सावकाश आणि स्पष्ट.

"मी डॉक्टर ब्रेकमन. कावेरीवर इथे मी उपचार करते. किडनी देणारी बहीण तुम्हीच ना?"

कावेरी कामावर चक्कर येऊन पडली होती. लघवी जवळपास थांबली होती. किडनी वेगाने बंद पडत चालली होती.

"मागच्या दोन्ही तपासण्यांत तिच्या रक्तातलं औषध कमी भरलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "शरीर किडनीला झिडकारतंय असा आमचा अंदाज आहे. आम्ही लगेच जबर औषध सुरू करतोय. तिची प्रतिकारशक्ती पार खाली आणावी लागेल, तरच किडनी वाचली तर वाचेल. तिने दुसरं काही घेतलं होतं का, एवढंच विचारायला फोन केला. ती नाही म्हणते."

मागच्या दोन्ही तपासण्या. रिपोर्ट चांगला, असंच चालू दे.

"आजच्या रक्तात औषध किती आहे?"

"तो अहवाल संध्याकाळी येईल. तोवर थांबलो तर किडनी हातची जाईल."

"तिचे हात थरथरतात का?"

"हो. फार."

तेजूला दोन वाटा समोर दिसल्या, एकमेकींच्या अगदी उलट. औषध कमी पडल्यामुळे किडनी जात असेल तर डॉक्टर बरोबर आहेत, एक मिनिटही दवडायला नको. पण औषध जास्त होऊन ती जळत असेल, तर हे जबर औषध तिला संपवेल, किडनीला आणि कदाचित कावेरीलाही. आणि कुठली वाट खरी ते कावेरीच सांगू शकत होती, जी तोंडावर सरळ खोटं बोलत होती. बोलेलच. मिरजेची शाई वापरते म्हटलं तर दंड, खटला, कदाचित देश सोडायची नोटीस. शिवाय ताईचा परवाना.

"मला तिच्याशी बोलू द्या. आमच्या भाषेत. दोन मिनिटं."

फोन हलल्याचा आवाज आला. मग जडावलेल्या जिभेने कावेरी बोलली. "ताई, काही नाही झालेलं. उगाच घाबरवतात हे लोक. तू जेवलीस?"

"कावी, किती पट्ट्या घेतेस?"

"एक."

"माझी शपथ आहे."

"एकच गं."

शपथेनेही काम होईना, तेव्हा तेजूच्या लक्षात आलं की तिच्याजवळ आता एकच गोष्ट उरली आहे. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. समोरच्या बाकावर एक म्हातारा पट्टीची वाट बघत होता. तिने त्या सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं.

"ऐक. मी तुझ्याशी खोटं बोलले. त्या गोळ्या पोटासाठी नव्हत्या. मी पाठवते ती शाई तुझ्या अंगाला लागतच नव्हती. कंपनीने तशीच केलीय ती, इथल्या जिवाणूशिवाय उघडत नाही. मला कळलं तेव्हा मी तुला सांगितलं नाही. तुला न विचारता तुझ्या पोटात तो जिवाणू सोडला. आता ती शाई लागू पडतेय कावी, पूर्ण लागू पडतेय. म्हणून विचारते. किती घेतेस?"

पलीकडे एखादं यंत्र ठरावीक आवाज करत होतं.

"चार," कावेरी म्हणाली.

"केव्हापासून?"

"पहिला रिपोर्ट खराब आला तेव्हा दोन केल्या. मग तीन. मग..." तिला रडू फुटलं. "तुला सांगितलं असतं तर तू धावत सुटली असतीस. यंत्र गळत नव्हतं ताई."

"डॉक्टरांना फोन दे. लवकर."

मग तेजू इंग्रजीत बोलली. चिप कशी बधिर करते ते, नळ्या कशातून पाठवते ते, साखरेचं शेपूट, जिवाणू, सोबती, चार पट्ट्या. काही गाळलं नाही, फक्त इम्तियाजचं नाव गाळलं. "कंपनीच्याच माणसाने सांगितलं" एवढंच म्हणाली. बोलताना तिला वाटत होतं की या बाई आता म्हणतील, हे कसलं काहीतरी, आणि फोन ठेवतील. तसं झालं नाही. डॉक्टर ब्रेकमननी दोनच प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मग फोन दूर धरून त्या आपल्या भाषेत कुणावर तरी ओरडल्या. भाषा कळली नाही तरी थांबा म्हणतायत हे कळलं.

संध्याकाळपर्यंतचा वेळ तेजूने कसा काढला ते तिलाही सांगता येणार नाही. बाकावरच्या म्हाताऱ्याने आपली पट्टी घेतली आणि जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा मात्र ती रडली. आपल्याकडून बरोबर घडलं की चूक, हे तिला ठाऊक नव्हतं. चार पट्ट्या घेऊनही औषध कमीच असलं तर? जिवाणू रुजलाच नसला तर? तिच्या एका शब्दावर तिकडचे उपचार थांबले होते. मिनिटामिनिटाने एक किडनी हातची जात होती, आणि ती तिनेच दिलेली होती.

अहवाल आला. रक्तात औषध कमी नव्हतं, मोजण्याच्या वर गेलं होतं.

"जबर औषध दिलं असतं तर ती यातून उठली नसती," डॉक्टर ब्रेकमन म्हणाल्या. आवाज थकलेला होता. "किडनीचं नुकसान झालंय. थोडी सावरेल, पूर्वीसारखी होणार नाही. शाईबद्दल मला वर कळवावं लागेल. तुमच्याबद्दलही."

"कळवा," तेजू म्हणाली.

कावेरीला बोलायची ताकद यायला काही दिवस गेले. ताकद आली तेव्हा तिने पहिलं वाक्य काढलं ते असं, "तू मला न विचारता माझ्या पोटात काहीतरी जिवंत सोडलंस."

"आणि तू मला न सांगता माझी किडनी जाळलीस."

बोलून गेल्यावर तेजूला स्वतःचीच लाज वाटली. इतक्या वर्षांत तिने ती किडनी कधी "माझी" म्हटली नव्हती. कावेरीने फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. तिने आपल्या रक्ताचे आकडे वाचून दाखवले, चांगले आणि वाईट सगळे, आणि शेवटी म्हणाली, "संपलं. यापलीकडे काही लपवलेलं नाही." आता ती तिकडचीच शाई घेत होती. कर्ज काढून, किती दिवस झेपेल ते माहीत नसताना. परत यायचं का, हा विषय दोघींनीही अजून काढला नव्हता.

इम्तियाज आला तो रिकाम्या हाताने, कंपनीने बॅग काढून घेतली होती, नोकरीही.

"मी तुझं नाव घेतलं नाही रे."

"घेतलं नाहीत. पण मिरजेत कंपनीचा माणूस मी एकटाच की ओ, ताई." तो स्टूल ओढून बसला. कंपनीने निवेदन काढलं होतं की शाई सुरक्षित आहे आणि ज्या विभागाची त्या विभागात वापरावी. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. "एक विचारतो. तिकडच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, अजून पेशंट आहेत असे?"

"आहेत. सगळे बाहेरून आलेले. सगळ्यांच्या रक्तात औषध कमी. आणि सगळे सांगतात, आम्ही नीट घेतो, एकच घेतो."

"आणि आपण किती जणांना नळ्या दिल्या?"

याचं उत्तर तेजूला त्या बुधवारपासून झोपू देत नव्हतं. परवाना रद्द झाल्याची नोटीस येऊन पडली होती, दुकान आठवड्याभरात बंद करायचं होतं. गप्प बसली असती तर प्रकरण बहिणीपुरतं राहिलं असतं. वकिलांनी तसंच सांगितलं होतं. पण आता ज्या ज्या घरांत तिने चिप बधिर करून नळ्या दिल्या होत्या, तिथे तिथे एखादं पोर दूर कुठेतरी हळूच पट्ट्या वाढवत असेल. आणि घरी आलं, आईच्या हातचं जेवू लागलं की त्या सगळ्या पट्ट्या पोटात एकदम जाग्या होतील. तिने पहिला फोन गुळवणी सरांना लावला. त्यांचा ओजस मेलबर्नला होता. लहानपणापासून फिट्स यायच्या त्याला. बहिणीच्या लग्नासाठी पुढच्या महिन्यात येणार होता, चांगली दोन महिन्यांची रजा काढून.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. शाळेत जसे ऐकायचे तसेच, मध्ये न बोलता. मग मोकळेपणाने हसले.

"तेजस्विनी, तू एवढं जिवाला लावून घेऊ नकोस. आमचा ओजस ठणठणीत आहे. कालच बोललो. एकही फिट नाही वर्षभरात."

"सर, तो कसा आहे ते विचारू नका. किती घेतोस, ते विचारा."

"अगं, तो कधी खोटं बोलत नाही माझ्याशी."

"मीही कधी बोलत नव्हते कावेरीशी."

सर म्हणाले, "धर जरा. हिच्या फोनवरून लावतो." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दुसऱ्या फोनची घंटा तेजूला पहिल्या फोनमधून ऐकू येत होती, लांबून आल्यासारखी. मग एका तरुण माणसाचा हसरा आवाज आला, मागे कुठेतरी भांडी वाजत होती. तो लग्नातल्या फेट्यांबद्दल काहीतरी सांगायला लागला. सरांनी त्याला मध्येच तोडलं.

"ओजस, शाई किती घेतोस रे तू?"

भांड्यांचा आवाज थांबला. मग तो हसरा आवाज अगदी लहान मुलासारखा होऊन आला.

"बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं?"